चाळणी माझी होती

वैशाली, तुझी दुरुस्ती वाचायला वेळ मिळाला नाही, असं मी तुला शेवटपर्यंत सांगत राहिलो. ते खोटं होतं. ती आली त्याच दुपारी मी वाचली होती. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याला म्हटलं, मशीन गरम झालं, अर्ध्या तासानं या. मग शटर अर्धं ओढलं आणि वाचत बसलो. एकदा वाचली, पाणी प्यायलो, पुन्हा वाचली. तिच्यात चूक नव्हती. म्हणूनच ती मी अडवून ठेवली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

तू शिकवायचीस त्या कॉलेजची माणसं तुझ्या नावानं स्मरणिका काढताहेत. माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही दोघांनी एवढी वर्षं सोबत काम केलं, तुम्ही लिहा. तुझं शिक्षण, नोकरी, मिळालेले मान, ते सगळं दुसरे लिहिणार आहेत. माझ्यासाठी त्यांनी दोन पानं सोडली आहेत. हुशार, मनमिळाऊ, हसतमुख असं काही लिहून दिलं असतं तर चाललं असतं. तीनदा तसं लिहिलंही. प्रत्येक वेळी खोडलं.

तू असतीस तर आधी टोकलं असतंस, “लोकायले समजंल असं लिही, गजू. तुयं लिहिणं म्हंजे औषधाच्या बाटलीवरचा कागद.” म्हणून आपण काय करत होतो ते तू मनोहरदादांना जसं सांगितलं होतंस, तसंच इथं लिहितो. राळेगावकडच्या तुमच्या घरी, अंगणातल्या बाजेवर बसून तू तुझ्या थोरल्या भावाला समजावत होतीस.

“दादा, हे फोटोवर काम करणारे अवजार हायत. फोटो लहान करा, सरळ करा, डाग काढा. जगातले लोकं आपल्या प्रोग्राममंधी हेच वापरतात. अन् हे कोण्या कंपनीचे नाईत. गावच्या विहिरीवाणी समज. कोणीबी पाणी काढावं, अन् ज्याले वाटन त्यानं उतरून गाळ काढावा.”

“गाळ काढाचे पैसे कोण देते?”

“कोणी नाई.”

“मंग येडेच म्हना तुमी दोघं. एवढं शिकून गाळ काढून राह्यले.” दादा हसले. मग तंबाखू मळता मळता म्हणाले, “अन् काय वं, गावची विहीर म्हणतं. आपल्या आज्याले कवा चढू देल्लं होतं तिच्यावर?”

“म्हनूनच तं दादा,” तू म्हणालीस. “इथी कोणी अडवत नाई.”

मी खाली पाहत चहा पीत होतो. त्या विहिरीवर ज्यांना कुणी कधी अडवलं नाही, त्या घरातला मी. तू ते माझ्याकडे पाहून बोलली नव्हतीस. तुला तर त्या क्षणी माझी आठवणही नसावी. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं, आणि आता ते फार बोचतं.

आपलं पहिलं काम आठवतं? दादांनी नवा मोबाइल घेतला आणि बैलाचा फोटो तुला पाठवला. तू तो कॉम्प्युटरवर आपल्या अवजारानं लहान केलास, छापून आणलास, तर बैल आडवा. पाय भिंतीला, शेपूट छताला. दादा म्हणाले, “माहा बैल झोपला कायले?” मोबाइल फोटोसोबत एक बारीक नोंद ठेवतो, की मला आडवं धरलं होतं की उभं. आपलं अवजार ती नोंद वाचतच नव्हतं. तू माझ्या स्कॅनिंगच्या दुकानात आलीस, दोन आलूबोंडे मागवलेस आणि म्हणालीस, “आज बैल उभा केल्याशिवाय उठायचं नाई.” संध्याकाळपर्यंत आपण तो उभा केला. अशा अवजारांच्या संचाला लायब्ररी म्हणतात; आपली लायब्ररी सुरू करणारा म्हातारा कुठल्याशा थंड देशातला. त्यानं दोन दिवसांनी लिहिलं, छान काम, मोठा त्रास गेला. तू त्याला उत्तरात दादांच्या बैलाचा सरळ झालेला फोटो पाठवलास. पुढं त्यानं कुत्र्याचा फोटो पाठवला. जगात कोण कुणाचं काय लागतं!

त्यानंतर काही वर्षांनी त्या म्हाताऱ्यानं लायब्ररीतला एक भाग माझ्याकडे सोपवला. डाग ओळखणं, डाग गाळणं, तेवढाच. दुसऱ्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या वाचायच्या, बरोबर असतील तर आत घ्यायच्या, नसतील तर कारण लिहून परत पाठवायच्या. तू मला चिडवायचीस, “फाटकावरचा शिपाई झाला तू.” मला ते आवडायचं. यवतमाळात झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला दुसरा कसला मान असतो? घरात कुणाला समजत नव्हतं, पण मला ठाऊक होतं, की फाटकावर मी आहे.

आता पतंगांचं सांगायला हवं.

गुलाबी बोंडअळीची ती वर्षं. बोंड वरून हिरवंगार, घट्ट, आणि आत सगळी नासाडी. वरून पाहून कळतच नाही. म्हणून पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, कामगंध सापळे लावायचे. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात येऊन पडतात. पतंग वाढले की समजायचं, अळी येते आहे, आताच काय ते करा. पण रोज मोजणार कोण, आणि ते लक्षात ठेवणार कोण? तू म्हणालीस, मोबाइल मोजेल. आणि तू तसा प्रोग्राम केलास. सकाळी सापळ्याची पिशवी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झटकायची, कारण पत्रिका घरोघरी ढिगानं पडलेल्या असतात. फोटो काढायचा, तुझ्या नंबरावर पाठवायचा. उलट आकडा यायचा. दादांच्या गावात पहिल्या वर्षी हे फार छान चाललं. माणसं पारावर एकमेकांना विचारायची, “तुहे किती?” “माहे तुह्यापेक्षा कमी.” जणू पोरांचे मार्क.

तो प्रोग्राम गावाला देण्याआधी तू मला वाचायला दिला होतास. त्यात एक ओळ होती. लहान ठिपके गाळण्याची सोय बंद ठेव, अशा अर्थाची. तिला आपण आपसात चाळणी म्हणायचो. ती चालू केली की ठरलेल्या मापापेक्षा लहान ठिपके कचरा समजून टाकून दिले जातात. तेव्हा ती मुळातच बंद असायची, म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर अवजार ती वापरत नसे. आपल्याकडे चहावाल्याला काही सांगितलं नाही तर साखर पडतेच, तसं प्रत्येक अवजाराचं स्वतःचं एक ठरलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात.

मी म्हटलं, “हे कायले लिहिलं? चाळणी तं बंदच असते. जे आपोआप होते ते लिहू नये. वाचणाऱ्याले वाटते, काही विशेष हाय.”

“राहू दे ना बे. काय वजन पडते तिचं? उद्या कोणी चालू केली तं?”

“कोण करते? तो भाग मीच पाहतो ना.”

तू माझ्याकडे पाहिलंस, हसलीस आणि ती ओळ खोडलीस. म्हणालीस, “घे. तुह्या भरवशावर.”

पुढच्या वर्षी मला जुने कागद स्कॅन करायचं मोठं काम मिळालं. पिवळे पडलेले, बुरशीचे, ठिपक्यांनी भरलेले कागद. प्रत्येक वेळी चाळणी चालू करायची विसरलो की काम परत यायचं. बाहेरच्या दोन-तीन जणांनीही लिहिलं होतं, की कागद साफ करायला ती चालूच असलेली बरी. मी ती चालू केली. डिफॉल्टच बदलून टाकलं. माझ्या भागात मला विचारणारं कुणी नव्हतं. नव्या आवृत्तीसोबत काय बदललं हे लिहावं लागतं, तिथं मी लिहिलं, लहान डागांची हाताळणी सुधारली. एवढंच. तुझी आठवण मला त्या वेळी खरंच आली नाही, वैशाली. यावर तू विश्वास ठेवावास असं मला वाटतं, आणि विश्वास ठेवायला तू नाहीस.

तुझा प्रोग्राम नवी आवृत्ती आपोआप घ्यायचा. साध्या मोबाइलनं, उभ्यानं काढलेल्या फोटोत बोंडअळीचा पतंग केवढा दिसणार? तिळाएवढा. चाळणीनं तो कचरा म्हणून टाकला. गावात आकडे उतरले. लोक खूश झाले.

वेचणीच्या आधी तुझा फोन आला, दादा बोलावून राह्यला, तू पण चल. आपण एसटीनं गेलो. खिडकीतून तू पऱ्हाटी पाहत होतीस आणि म्हणत होतीस, हिरवी तं हाय. शेतात आठ-दहा माणसं उभी होती. दादांनी एक बोंड तोडलं, तळहातावर दाबून फोडलं आणि हात तुझ्यापुढे धरला. आत पिवळा पडलेला कापूस आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. त्यांनी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. बोलला तो धुरेकरी, ज्याच्या शेताचा बांध दादांच्या शेताला लागून आहे.

“मॅडमच्या मोबाइलमंधी तं सारं ठीक होतं म्हने.”

मागून कोणी म्हणालं, “पतंग मॅडमले भेऊन कार्डावर येत नसतीन.”

काही जण हसले. दादा हसले नाहीत. “वैशू,” ते म्हणाले, “मी साऱ्यायले सांगतलं होतं, माह्या बहिणीचं हाय, चुकत नाई.”

तू म्हणालीस, “माह्या मोजण्यात चूक हाय, दादा. कुठी हाय ते मी पाहीन.” मग माझ्याकडे वळून, हळू, जवळजवळ स्वतःशीच, “मी एक ओळ बदलली नाई रे गजू. एक ओळ नाई बदलली.”

त्याच जागी मला कळलं. भर दुपारी, पाण्याची बाटली हातात धरून उभा होतो. मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर आलं ते असं होतं, “पत्रिकेचा कागद चकाकतो ना. उन्हात त्याच्यानंच घोटाया होत असंन.”

वैशाली, माझं खरं पाप ते आहे. डिफॉल्ट बदललं ती चूक होती, चुका सगळ्यांच्या होतात. पण मला कळल्यानंतर, तू माझ्याकडे पाहत असताना, मी तुला दुसरीकडे पाठवलं. आणि तू गेलीस! “असंन. असू शकते,” म्हणालीस, आणि सगळ्यांना सांगितलंस, पुढच्या वेळी साध्या कागदावर झटका. त्यानंतर कितीतरी दिवस तू कागदांचे फोटो काढत होतीस. सावलीतले, उन्हातले, पिवळ्या कागदावरचे. मला पाठवत होतीस. मी उत्तरं देत होतो.

घरी येऊन मी तुझेच जुने फोटो घेऊन पाहिले. जुन्या आवृत्तीत सगळे पतंग दिसत होते. नव्या आवृत्तीत कार्ड जवळजवळ कोरं. फोन हातात होता. तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. वाटलं, उद्या सांगू. वाटलं, हे गावात गेलं तर दादा काय म्हणतील. वाटलं, फाटकावरून मला काढतील. स्कॅनिंगचं कामही चाळणीवरच चाललं होतं. आणि एक समजूत मी स्वतःला इतक्या वेळा घातली की ती पाठ झाली: अळी तर सगळ्यांच्याच पऱ्हाटीत होती, ज्यांनी तुझा मोबाइल पाहिला नाही त्यांच्याही, आकडा बरोबर आला असता म्हणून सगळं थोडंच वाचणार होतं? खरं आहे ते. पण काही तरी वाचलं असतं. निदान तुझा शब्द वाचला असता.

दादांनी सापळे काढून गोठ्यात टाकले. तुला ते काही बोलले नाहीत, आणि तेच तुला सोसवत नव्हतं. भीमजयंतीला तू गेलीस तेव्हा त्यांनी तुला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली, मुलीच्या शाळेचं विचारलं, पावसाचं विचारलं. “पण गजू,” तू मला सांगत होतीस, “माह्या कामाचं एक अक्षर नाई. आदी विचारून विचारून डोकं खायचा ना, येड्यावाणी, येडेच म्हना तुमी. आता कसा मान देऊन राह्यला मले. पाव्हणीवाणी.” तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर कदाचित माझ्या तोंडून निघून गेलं असतं. असं मी म्हणतो. निघालं नसतं.

कागदांत काही सापडलं नाही तेव्हा तू अवजारच उघडून पाहिलं असशील, आणि मग ती दुरुस्ती आली. तुझ्या नावानं, लायब्ररीच्या फाटकावर, माझ्याच भागात. तीन गोष्टी होत्या. चाळणी पुन्हा मुळात बंद ठेवावी. कुणी चालू केली तर किती ठिपके टाकून दिले, ते अवजारानं सांगावं. आणि पुढे कुठलंही डिफॉल्ट बदललं तर ते स्पष्ट शब्दांत लिहावं. गावाचं, पतंगांचं नाव त्यात कुठं नव्हतं. माझंही नव्हतं.

आमच्या या कामात कुठली ओळ कुणी बदलली ते कायमचं दिसतं. झाकता येत नाही. जो ती ओळ दुरुस्त करायला बसेल त्याच्या डोळ्यांसमोर ते नाव येणारच. म्हणजे तू पाहिलं होतंस. पाहिलंच असणार! की पाहिलं नव्हतंस? घाईत असशील, तुला नावं पाहायची सवय नव्हती, तू नेहमी थेट कामाला लागायचीस. गेले कित्येक महिने मी तुझे साधे निरोपसुद्धा उघडून पाहतोय, ‘बरा आहेस का’ यात काही आहे का, ‘चालू दे’ यात काही आहे का. तुला माहीत होतं की नव्हतं, यांतलं काय असावं असं मला वाटतं, तेही आता मला सांगता येत नाही.

मी तुला लिहिलं, सोयीचं नाव बदल. तू बदललंस. मी लिहिलं, तपासणीची आणखी उदाहरणं जोड. तू जोडलीस. मी लिहिलं, अवजारानं कामापुरतं काम करावं, बडबड करू नये. त्यावर मात्र तू भांडलीस. दुकानात येऊन भांडलीस.

“बडबड कशाची रे? फेकलं तं सांगावं किती फेकलं. एवढंच.”

“लोकायले नको असते ते, वैशाली. त्यायले साफ फोटो पाहिजे.”

“कोण्या लोकायले? तुह्या कागदवाल्यायले? बाकीचे नाईत का जगात?”

“सगळ्यायची सोय नाई पाहता येत.”

“सोय नाई मांगून राह्यली मी. सांग म्हणून राह्यली. माणूस जेवणातून खडा काढून टाकते तं ताटाच्या बाजूले ठेवते ना? लपवते का?”

मी म्हटलं, पाहतो. तू झोळा उचललास. दारातून म्हणालीस, “पाय बावा. फाटक तुह्याकडे हाय.”

त्या वाक्यावर मी अजून अडकलोय. दादांना तू सांगितलं होतंस, इथं कुणी अडवत नाही. आणि अडवलं मीच. मी तुला तुझ्या घराण्यावरून अडवलं नाही, वैशाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. मी माझी लाज झाकायला अडवलं. पण विहिरीवरचे ते लोक तरी काय म्हणत असतील? त्यांच्याकडेही काही ना काही कारण असेलच. अडवणाऱ्याकडे कारण नेहमी असतं. दादांनी मला विचारलं, की माझ्याच बहिणीचं काम काहून थांबवलं, तर मी त्यांना कोणतं कारण वेगळं करून दाखवणार आहे?

मग तुझं दुखणं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. नागपूरला भेटायला आलो तेव्हा तुझे यजमान औषधं आणायला खाली गेले होते. तू उशीला टेकून बसलीस, मला संत्रं सोलून द्यायला सांगितलंस आणि एकही फोड खाल्ली नाहीस. इकडतिकडचं झालं. मग म्हणालीस, “त्या दुरुस्तीत काही अडचण हाय का, गजू? असंन तं सांग. मी रागावणार नाई.”

“नाही गं. वेळच नाही मिळाला.”

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हाताला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. “बरं,” म्हणालीस. “मिळंल तवा पाय.”

तुझ्यामागं एवढं जड ठेवून जावं असं तुला वाटलं नसणार. तू तर दार उघडं ठेवत होतीस. तेवढी माया माझ्यावर कुणी केली नाही. मी त्या दारातून आत आलो नाही, तरी तू ते लावलं नाहीस, याबद्दल मी तुझे उपकार कसे मानू, ते मला समजत नाही.

तू गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या अंगणात मांडव होता. वंदना झाली. त्रिसरण, पंचशील झालं. मग एकेकानं तुझ्याबद्दल बोलायचं होतं. तुझ्या विद्यार्थिनी बोलल्या. मी उठलो, म्हटलं, फार हुशार होती, आणि बसलो. शेवटी दादा उभे राहिले. पांढऱ्या टोपीशी चाळा करत म्हणाले, “माह्या बहिणीनं गावासाठी मशीन केलती. तिचं मोजणं एक डाव चुकलं. आपल्यातले काही लोकं बोलले बी तिले. मी बोललो नाई, पण मनात धरलं. चूक कोणाची होत नाई? मन साफ होतं तिचं. तिले माफ करा.”

माफ करा, म्हणाले. तुला. आणि लोकांनी माना हलवल्या. त्या शेतातला धुरेकरीही बसला होता, तो डोळे पुसत होता. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठायला एवढीशी जागा लागते. मी उठलो नाही. जेवलो, पंगतीत वाढायला मदतही केली.

परवा दादांचा फोन आला. ते म्हणाले, “गजाननभाऊ, सापळे काढले गोठ्यातून. धुवून लावले पऱ्हाटीत. वैशूची मशीन चालू हाय ना अजून? तिच्या नावानं मोजू म्हणतो पुन्हा. चुकलं तरी चालन. तिचं हाय.”

मी हो म्हटलं; तुझ्यामागं ती मीच चालू ठेवली आहे. पण चाळणी अजून चालूच होती. पुन्हा तेच आकडे, पुन्हा कोरं कार्ड, पुन्हा हिरवी बोंडं. आणि या वेळी तू सांगायलाही नाहीस, की माझी चूक आहे.

सोपी वाट होती. सापळे बंद पडल्यावर तुझ्या प्रोग्रामला तू हात लावला नव्हतास; त्यात ती खोडलेली ओळ गुपचूप परत लिहायची. कुणाला काही कळलं नसतं. आकडे बरोबर आले असते, दादा म्हणाले असते, पाहा, सुधारली मशीन. मी ती ओळ टाइप केलीसुद्धा. मग पुसली. या वर्षी ती आपोआप सुधारली असं झालं असतं, तर त्या वर्षीची चूक कायमची तुझी झाली असती.

आज सकाळी दुकान उघडल्यावर मी तुझी दुरुस्ती आत घेतली. तू लिहिली तशी, एक अक्षर न बदलता. पतंग आता मोजले जातील. खाली इंग्रजीत सगळं लिहिलं. डिफॉल्ट मी बदललं होतं, सांगितलं नव्हतं, त्यामुळे एका गावातली मोजणी चुकली, ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि ही दुरुस्ती मी कारण नसताना अडवली. त्या भागाची जबाबदारी दुसऱ्या कुणाला द्या, असंही लिहिलं. दुपारपर्यंत चार अनोळखी माणसांनी तुझे आभार मानले. तू नाहीस हे त्यांना माहीत नाही. म्हाताऱ्यानं मला लिहिलं, प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद. ते वाचून मला स्वतःचीच किळस आली. जे मला ओळखत नाहीत त्यांना, त्यांच्या भाषेत, दुकानात खुर्चीवर बसून कबूल करायला तासभर पुरला. दादांना आपल्या भाषेत चार वाक्यं सांगायची तर सकाळपासून तीनदा बसस्टँडवर जाऊन परत आलोय.

ही स्मरणिका छापून त्यांच्या हातात पडण्याआधी मला तिथं गेलं पाहिजे. ते त्यांनी छापलेलं वाचून समजून घ्यावं, असं होता कामा नये. ते मला हाकलतील, की पाणी देतील, मला सांगता येत नाही. पाणी दिलं तर मी काय करू?

तुझ्या भावाच्या अंगणात, ज्यांनी त्या दिवशी माना हलवल्या त्या सगळ्यांसमोर उभं राहून मला सांगायचं आहे, की वैशालीचं मोजणं चुकलं नव्हतं, मी ते चुकवलं, आणि मला ते माहीत होतं. माफी तिला नको, मला मागायची आहे. हे मी देणं लागतो, आणि आज, हे लिहीत असताना, ते दिलेलं नाही.